आजच्या नियमांप्रमाणे आई

आमच्या गावात घर पडून माणूस गेलं तर विमा कंपनी घराबरोबर ते माणूसही परत बांधून देते, मात्र आजच्या नियमांप्रमाणे बांधून देते. आणि आजच्या नियमांप्रमाणेच का, हे कधी विचारायचं नसतं. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं, जेवताना पाय हलवायचा नाही आणि नियमाला का म्हणायचं नाही, या तिन्ही गोष्टी आप्पांनी मला शाळेत घालायच्या आधी एका दमात शिकवल्या होत्या. पहिल्या दोन मी अजून पाळते.

आमचं घर फेब्रुवारीत पडलं. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणत होते. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आधी खड्ड्याकडे कलली, आणि तिच्या मागोमाग वरचा मजला आला. दुपारची वेळ होती. आप्पा पतपेढीत होते. प्रमिलाआत्या, म्हणजे आप्पांची मोठी बहीण, समोरच्या घरी पापड लाटायला गेली होती. मी कॉलेजात रसायनशास्त्राचं शेवटचं प्रॅक्टिकल देत होते. आई स्वयंपाकघरात होती आणि दाराला आतून कडी होती, कारण दुपारचा एक तास ती दार लावून बसायची. आत ती काय करते हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "काही नाही. बसते."

त्याच संध्याकाळी दिगंबरकाका आले. काका आप्पांचे चुलतभाऊ, आणि अर्ध्या गावाचा विमा त्यांनीच उतरवलेला आहे. आप्पा अंगणात उभे होते. अंगण आणि पडवी तेवढी शिल्लक होती.

"सुतक धरायचं नाही," काका म्हणाले. "सुतक धरलं म्हणजे माणूस कायमचं गेलं हे आपणच मान्य केलं. मग क्लेम कशाचा करायचा? वहिनी परत येणार आहेत. फोटोला हार नको, रडारड नको. कंपनीचा माणूस केव्हाही येतो."

मी विचारलं, "आणि मला रडायला आलं तर?"

"अगं, तू शिकलेली मुलगी. जरा दम धर."

मला शिकवलं ते बहुतेक दम धरण्यासाठीच. मी दम धरला.

आप्पांच्या पॉलिसीत 'चालू नियम वाढीव खर्च' नावाचं कलम होतं. ते काकांनी आग्रहाने घालायला लावलं होतं आणि पुढचे कित्येक दिवस ते त्याची आठवण करून देत होते. नियम सारखे बदलत असतात. काल जे चालत होतं ते आज बांधता येत नाही. पडलेलं होतं तसं उभं करायला जो खर्च येतो, त्याहून जास्त ते आजच्या नियमांत बसवायला येतो, आणि हा जास्तीचा खर्च हे कलम देतं. ज्यांनी कलम घेतलेलं नसतं त्यांचे हाल होतात. आमच्या मागच्या गल्लीतल्या कोरगावकरांची सून खांद्यांपर्यंत बांधून झाली आणि विमा संपला. ती धुणीभांडी करते, पोळ्या लाटते, सगळं करते. कोरगावकर म्हणतात, तसं अडत काही नाही.

"तुम्हाला पूर्ण मिळणार," काका म्हणायचे. "डोक्यासकट."

कंपनीचे सर्व्हेअर हुद्दार आमच्या भाड्याच्या खोल्यांवर आले. मऊ आवाजाचा, इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस. आत्याने दिलेला चहा त्यांनी पूर्ण प्यायला आणि मग फाइल उघडली.

"घरात माणसं?"

"चार," आप्पा म्हणाले. "मी, ही माझी बहीण, ही मुलगी केतकी आणि आमची मिसेस."

"पैकी वारसा?"

आप्पांनी दंडावरचा पितळी बिल्ला दाखवला. आत्यानेही पदर सारून तिचा दाखवला. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेली माणसं वारसा यादीत जातात. त्यांना कोणताही नवा नियम लागू होत नाही. त्यांच्यात काहीही बदल करायचा तर तीन खात्यांची परवानगी लागते, आणि ती कोणी मागत नाही. आप्पा दर रविवारी बिल्ला चिंचेने घासतात. नवे नियम ठरवणारी समितीही याच यादीतून निवडली जाते, कारण त्यांना अनुभव असतो.

"मिसेसचं वय?"

"अठ्ठेचाळीस."

हुद्दार खरंच हळहळले. "दोन वर्षांनी चुकलं. वारशात असत्या तर जशाच्या तशा द्याव्या लागल्या असत्या. वीट न् वीट. आता चालू नियम लागतील. मंजूर नकाशा आहे ना?"

मंजूर नकाशा म्हणजे लग्नाच्या वेळचा बायोडेटा. सगळ्यांचा तोच धरतात. बाईची सही-शिक्क्याने पक्की झालेली तेवढीच माहिती असते. आईचा बायोडेटा आत्याने पत्रिकेबरोबर जपून ठेवला होता आणि तिची ट्रंक पडवीत असल्यामुळे वाचली होती. हुद्दारांनी तो मोठ्याने वाचला. "शैलजा. उंची पाच फूट तीन इंच. गृहकृत्यदक्ष. शिवण, विणकाम, भरतकामात निपुण. स्वभाव शांत. आवड, स्वयंपाक."

"आईची उंची पाच दोन होती," मी म्हणाले. "आणि तिला शिवता येत नव्हतं. माझ्या शाळेच्या शर्टाची बटणं मीच लावायचे. सुईत दोरा ओवता आला नाही की ती सुईला शिव्या द्यायची."

"नकाशात शिवण आहे," हुद्दार म्हणाले.

"आजीने वाढवून लिहिलं असेल. सगळेच लिहितात."

"शक्य आहे. पण मंजूर झालेलं आहे."

"केतकी," आत्या म्हणाली, "मोठी माणसं बोलताहेत."

मग वाढीव बांधकामाचा विषय निघाला. मंजुरीनंतर माणसाने स्वतःत जे जे वाढवलं, त्याची नोंद नसेल तर ते अनधिकृत धरतात आणि त्याची भरपाई मिळत नाही. हुद्दारांनी विचारलं, आम्हाला काही माहीत आहे का. मी सांगत गेले. चाळिशी उलटल्यावर ती स्कूटर शिकली. शेजारच्या हिरेमठ काकूंकडून कानडी शिकली आणि आप्पांवर चिडली की कानडीत बोलायची. दुपारचं दार लावून बसणं. हसताना खोकला लागेपर्यंत हसणं. थंडीत माझ्या पांघरुणात गार पाय घालणं.

"यातलं काही नियमित करून घेतलं होतं? मध्ये एक योजना आली होती. घरच्या मोठ्यांची ना हरकत लागत होती, बास."

आप्पांनी आत्याकडे बघितलं. आत्याने कपबशा गोळा केल्या.

मला ती योजना आठवत होती. आईने स्वतः अर्ज आणला होता आणि सकाळी आप्पांच्या चहाशेजारी ठेवला होता. आप्पा म्हणाले होते, बघू. तो अर्ज बरेच दिवस तिथेच होता. नंतर त्याच्यावर आत्याने तळलेल्या पुऱ्या टिपल्या.

"स्कूटरचं मी तेव्हाच म्हणत होतो," आप्पा हुद्दारांना म्हणाले. "पण बायका ऐकतात का."

नवं घर जूनमध्ये तयार झालं. ते जुन्याच जागेवर होतं पण बरंच लहान होतं, कारण आता चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते. पाठोपाठ आई आली. हुद्दारांनी तिला स्वतः आणून सोडलं आणि आप्पांची पोच घेतली. ती तिच्यासारखीच दिसत होती. एका इंचाने उंच होती, त्यामुळे तिचे जुने परकर घोट्याच्या वर राहत होते. नाकाच्या शेंड्यावरचा देवीचा व्रण नव्हता, कारण बायोडेटात तो नव्हता. मला बघून ती हसली, खोकला न लागता.

मी धावले. हुद्दारांनी फाइल मध्ये आडवी धरली.

"सामासिक अंतर," ते म्हणाले. "चारी बाजूंनी दीड मीटर. कोणत्याही माणसाला लागून बांधकाम आता चालत नाही."

"ती भिंतीला टेकलीय."

"भिंतीला चालतं. माणसाला नाही."

"पूर्वी आमची एकच भिंत होती," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचेना.

"हो, सामाईक भिंत. पूर्वी पुष्कळांची असायची. त्यानेच तर एक पडलं की दुसरं पडतं." ते माझ्याशी कनवाळूपणे बोलत होते. "हे सुरक्षिततेसाठी आहे, ताई."

आई वाईट नव्हती. हे मला स्पष्ट लिहायला हवं, कारण मी रागाच्या भरात बरंच काही लिहिते. ती सगळं नियमाने करायची. ताटं ओट्यावर मांडून दीड मीटर मागे सरायची, मग आम्ही उचलायचो. भांडण सुरू झालं की बाहेर पडायचा मार्ग मोकळा ठेवायची आणि कोणत्याही वादात ती दोन वाक्यांच्या आत म्हणायची, "तुमचंही बरोबर आहे." आप्पा म्हणाले, घर कसं शांत वाटतं. आत्या शेजारणींना सांगायची, आमची शैला आता किती छान शिवते. ती खरंच छान शिवायची. मशीन खिडकीखाली होतं आणि दुपारभर चालू असायचं. दाराला कडी लावणं बंद झालं होतं.

एकदा तिने माझ्यासाठी कुर्ता शिवायला घेतला. मापं घ्यायला ती जवळ येऊ शकत नव्हती. तिने टेपचं एक टोक हातात धरून दुसरं माझ्याकडे फेकलं.

"खांद्याला लाव," ती म्हणाली. "आता मनगट. किती?"

मी आकडा सांगितला.

"हात सरळ धर. कोपरात वाकवतेस तू."

जुनी आई असती तर कोपरावर चापट बसली असती. मी हात सरळ धरला. टेप आमच्या दोघींच्या मध्ये ताणलेला होता.

ऑगस्टात मला ताप आला. दुपारभर मी अंथरुणात पडून होते. आईने मशीन थांबवलं, उठली आणि माझ्या गादीपासून बरोबर दीड मीटरवर येऊन उभी राहिली. मग तिचा उजवा हात वर आला, कपाळावर ठेवायला येतो तसा, आणि हवेतच थांबला. ती पुष्कळ वेळ तशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हात खाली येत नव्हता. मी म्हणाले, "आई, राहू दे." तेव्हा तिने हात खाली घेतला आणि पॅरासिटामॉलची पट्टी जमिनीवरून माझ्याकडे सरकवली.

त्या तापात मी तिला एक गोष्ट सांगितली. असं काही आईलाच सांगायची मला सवय होती. मी म्हणाले, "आई, तू गेलीस तेव्हापासून मी अजून रडलेच नाहीये. आधी काकांनी नको म्हटलं, मग तू आलीस. आता समोर तू असताना तुझ्यासाठी रडायचं कसं? कोणाला सांगू नको हं."

रात्री जेवताना ती म्हणाली, "केतकी अजून रडलेली नाही. मी गेले त्याबद्दल."

तिचा इलाज नव्हता. आजच्या नियमांप्रमाणे बांधकामात अंधारी, बंदिस्त जागा ठेवता येत नाही. सगळीकडे उजेड आणि वारा खेळता लागतो. एखादी गोष्ट आत ठेवायला तिच्याकडे कोनाडाच नव्हता.

आप्पांचा घास हातात राहिला. आत्या म्हणाली, "रडायचं कशाला? आई बसलीय की समोर. लोकांच्या आया परत येत नाहीत. त्या कोरगावकरांच्या सुनेला बघ. तुझी बोलते तरी."

"बोलते ना," मी म्हणाले. "तेच तर झालं आत्ता."

"शिकली आणि जीभ तेवढी वाढली."

"वाढीव बांधकाम आहे," मी म्हणाले. आई म्हणाली, "तुमचंही बरोबर आहे," आणि दीड मीटर मागे सरली.

नोटीस गणपतीनंतर आली. त्यात माझं नाव होतं.

हुद्दार ती समजावून सांगायला स्वतः आले, सोबत काकाही. आप्पा आणि आत्या पलंगावर बसले. आई खिडकीखाली मशीनवर होती, तिच्यापासून हिशेबाने अंतर सोडून बाकीचे दाटीवाटीने बसले. मी दाराशी उभी होते.

"आईंना अजून भोगवटा मिळालेला नाही," हुद्दार म्हणाले. भोगवटा म्हणजे बांधून झालेलं वापरायची पक्की परवानगी. तोपर्यंत आई आमच्याकडे तात्पुरती होती. "तो अडलाय या ताईंमुळे. वारसा सोडला तर घरात माणसं दोन. आई आणि ताई. त्यांतलं एक पडलं. म्हणजे अर्धं. अर्धं किंवा त्याहून जास्त पडलं तर न पडलेला भागही उतरवून चालू नियमांप्रमाणे नव्याने बांधावा लागतो. एकाच घरात अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवता येत नाही."

"मी धडधाकट आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच त्याला न पडलेला भाग म्हणतात."

"काळजी नको," काका आप्पांना म्हणाले. "आपल्या कलमात पाडण्याचा खर्चही धरलेला आहे. तेव्हा तू म्हणत होतास ना, कशाला एवढं?"

"आणि नकाशा?" आप्पांनी विचारलं.

आत्या उठली. तिने कपाटातून एक कागद काढून हुद्दारांना दिला. त्यावर माझा फोटो होता, साडीतला, चुलतबहिणीच्या लग्नातला. असा काही कागद केला आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"पावसाळ्यात केला," आत्या म्हणाली. "कधी ना कधी लागणारच होता."

हुद्दारांनी वाचलं. "केतकी. बी.एस्सी. रंग उजळ. स्वभाव मनमिळाऊ, मितभाषी. घरात रमणारी. मोठ्यांचा मान राखणारी. आवड, रांगोळी."

"ही कोण?" मी विचारलं.

"मंजूर व्हायला काही अडचण दिसत नाही," हुद्दार म्हणाले. "मंगळवारी आमची माणसं येतील. दुखत नाही. दोन-तीन महिन्यांत ताई परत. इथे सही लागेल, सज्ञान आहेत म्हणून."

"आणि नाही केली तर?"

"तर आईंचा भोगवटा नामंजूर होईल. महिनाअखेर त्यांना उतरवून घ्यावं लागेल."

त्यांनी ते 'उतरवून' असं म्हटलं, जणू आई माळ्यावर होती. आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं होतं. तिच्या मांडीवर माझा कुर्ता होता.

"सही कर, केतकी," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला पुन्हा तेच नको. एकदा ढिगारा बघितलाय मी."

"आप्पा, मला पाडलं की पुन्हा तेच होणार."

"तू परत येशील ना पण."

"ही येईल," मी कागदाकडे बोट दाखवलं. "रांगोळीवाली. तिला कानडी येणार नाही. आई चिडली की काय म्हणायची ते तिला समजणार नाही. तुम्हालाही समजत नव्हतं, मलाच समजायचं. आईचे गार पाय तिला माहीत नसणार. ती सुईला काय शिव्या द्यायची ते माहीत नसणार. मी पडले की जुनी आई कुठेच उरत नाही, आप्पा. तुमच्याकडे बायोडेटा होता, तो तुम्ही देऊन टाकलात."

"म्हणजे तुझ्या हट्टापायी तुझी आई दुसऱ्यांदा जाणार," आत्या म्हणाली. "हे लक्षात ठेव. पहिल्यांदा खड्ड्याने नेली, आता पोटच्या पोरीने."

मला उत्तर द्यायचं होतं. नेहमी माझ्याकडे उत्तर असतं, घरात त्याबद्दलच बोलणी बसतात. पण आत्या म्हणत होती ते खरंच होतं. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्यात काही लपवायला जागा नसल्यामुळे मला सगळं दिसत होतं. तिला जायचं नव्हतं. वयाने ती तीन महिन्यांची होती.

"तुम्ही सांगा तिला, वहिनी," काका म्हणाले. "तुमचं ऐकेल."

आईने मांडीवरचा कुर्ता सारखा केला. मग म्हणाली, "केतकीला नव्याने बांधलं तर तिलाही सामासिक अंतर सोडावं लागेल ना?"

"अर्थात," हुद्दार म्हणाले.

"माझा दीड आणि तिचा दीड. म्हणजे आमच्या दोघींत तीन मीटर."

"बरोबर."

"ही खोली अडीच मीटर आहे," आई म्हणाली. "दुसरी त्याहून लहान आहे. मग आम्ही दोघी एका खोलीत कधीच बसू शकणार नाही."

हुद्दारांनी खिशातून टेप काढला. खाली वाकून त्यांनी खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली, मग आडवीही मोजली. उठून गुडघे झटकले.

"खरं आहे," ते म्हणाले. "एकीला बाहेर बसावं लागेल. पण तसं नियमात बसतं."

"हो," आई म्हणाली. "नियमात बसतं."

आप्पा म्हणाले, "चालेल. दारातून बोलता येईल." काकांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. आत्या पदराने बिल्ला पुसत होती.

मी आत्याला विचारलं, "तुझं वय पन्नाशीच्या आत असतं तर तू केली असतीस सही?"

"माझा प्रश्नच येत नाही," आत्या म्हणाली. "मी वारसा आहे."

"आणि आप्पा? आई दोन वर्षांनी मोठी असती तर जशीच्या तशी मिळाली असती. स्कूटरसकट. तेव्हा तुम्ही मागितली असतीत का, जशीच्या तशी?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. शेजारच्या प्लॉटवर आता तळघरासकट चार मजले झाले होते आणि आमच्या खिडकीतून फक्त त्यांची भिंत दिसायची, नियमाप्रमाणे अंतर सोडून.

मी पेन घेतलं नाही.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "मी पडलेले नाही आणि मी पाडून घेणार नाही. आईला महिनाअखेर न्या. त्यानंतर मी सुतक धरणार आहे, दोघींचं. तेरा दिवस मी या खोलीत बसून रडणार आहे, आणि ते अनधिकृत असेल तर त्याची नोंद करा."

काकांनी पेनाला टोपण लावलं. आत्याचा पदर बिल्ल्यावर थांबला. आप्पा भिंतीकडेच बघत राहिले. हुद्दारांनी माझा फोटो असलेला कागद फाइलीत घातला, फाइलीची दोरी बांधली आणि तेही इतरांसारखे बसून राहिले, जणू त्यांना उठायची परवानगी कोणी द्यायची ते ठरलेलं नव्हतं.

मी दारापासून आत आले आणि आईसमोर जमिनीवर बसले, दीड मीटरवर. एका मीटरवर चाललं असतं तर तिथे बसले असते.

आईने कुर्ता वर धरून उजेडात बघितला. एक बाही लावायची राहिली होती.

"महिनाअखेरपर्यंत होईल," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.